नऊ सेकंद

हरेश्वर म्हात्रे यांना मी एका महिन्यात एकशे चाळीस वेळा मारलं. हा आकडा माझा नाही, सराव-कक्षातल्या यंत्राचा आहे. मी स्वतः मोजत बसले असते तर वेड लागलं असतं.

आधी माझं सांगते. मी प्रभावती घरत. खारशेतच्या खत कारखान्यात एकोणीस वर्षं पॅनल ऑपरेटर आहे. म्हणजे काचेच्या खोलीत सहा पडद्यांसमोर बसायचं आणि अमोनिया विभागातले दाब, तापमान, प्रवाह डोळ्यांत तेल घालून बघायचे. प्रत्यक्ष यंत्रांपाशी जातो तो फिल्ड ऑपरेटर. आमच्या पाळीत ते म्हणजे हरेश्वरदादा. वय चोपन्न, अंगाने काटकुळे, खाडीत स्वतःची लाकडी होडी, हातात कायम काहीतरी तासायला घेतलेलं. मी नवी लागले तेव्हा कुठला व्हॉल्व्ह रुसतो आणि कुठला पंप उगाच बोंबलतो हे त्यांनीच मला शिकवलं. ते कुठल्या पुस्तकात नसतं.

विभागाच्या मधोमध कॉम्प्रेसर हाऊस आहे. तिथे अमोनिया गळला तर दोन्ही बाजूंची पोलादी दारं सरकून बंद करायची, ती सरकू लागताच छतातून पाण्याचे फवारे सुरू होतात. अमोनिया पाण्यात भराभर विरघळतो, पंधरा मिनिटांत आतली हवा बरीचशी धुऊन निघते. तोवर दारं आतूनही उघडत नाहीत आणि बाहेरूनही नाहीत. ती बंद करण्याचं बटन माझ्या उजव्या हाताशी. गळती दिसल्यापासून चाळीस सेकंदांत ते दाबलंच पाहिजे, नाहीतर वायू खारशेत गावावर जातो. गाव कारखान्यापासून सहाशे मीटरवर आहे आणि शाळा गावाच्याही अलीकडे.

आत माणूस असेल तर? त्याच्या पट्ट्याला मास्क असतो. मास्कमध्ये दहा मिनिटांची हवा. दारं बंद पंधरा मिनिटं. ही वजाबाकी आम्हाला सगळ्यांना येते, पण कॅन्टीनमध्ये कुणी ती करत नाही.

सराव-कक्षात मला तेच करायला लावायचे. पडद्यावर गळती, कानात हरेश्वरदादांचा आवाज, "प्रभे, मी आत हाय, थांब!" आणि मी बटन दाबायचं. आवाज यंत्राने बनवलेला. वॉकी-टॉकीवरचं आमचं सहा वर्षांचं बोलणं त्याला ऐकवलं होतं, त्यातून त्याने दादा तयार केले होते. सर्दी झालेले दादासुद्धा तयार केले होते.

सरावानंतर चहाला गेलं की खरे दादा विचारायचे, "काय गो, आज किती वेला मारलंस मना?"

"सात वेला."

"मंग सात दिवस चहा तुझा."

आम्ही हसायचो. तेव्हा हसता येत होतं.

*

मग नियम बदलला.

सराव-कक्षात माणूस शूर असतो, हे शास्त्रज्ञांनी मोजून दाखवलं होतं. घाम, नाडी, डोळ्याच्या बाहुलीचं लहानमोठं होणं, सगळं मोजलं. खोटं संकट आहे हे मनाला ठाऊक असलं की शरीर घाबरतच नाही, आणि न घाबरलेल्या माणसाने दाबलेल्या बटनाला काही किंमत नाही. परदेशातल्या एका कारखान्यात सराव-परीक्षेत पहिला आलेला ऑपरेटर खऱ्या गळतीच्या वेळी आत अडकलेल्या मित्रासाठी चार मिनिटं थांबला होता. त्या चार मिनिटांत एक वस्ती गेली. त्यामुळे नवी प्रमाणपत्र-परीक्षा सराव-कक्षात नाही, रोजच्या खुर्चीत, रोजच्या पडद्यांवर. आणि न सांगता.

ती शक्य झाली 'जुळ्या'मुळे. आमच्या कारखान्यात चार हजार संवेदक आहेत. त्यांचे आकडे वर्षानुवर्षं गिळून संगणकात दुसरा कारखाना तयार झालाय, तोच जुळा. खरा कारखाना तापला की तोही तापतो, पंप बंद पडला तर काय होईल ते तो खऱ्याच्या आधी सांगतो. परीक्षेच्या वेळी एका क्षणात माझे पडदे आणि माझा वॉकी खऱ्या कारखान्यावरून काढून जुळ्याला जोडतात. खरा कारखाना तेवढा वेळ शेजारच्या इमारतीतली दुसरी माणसं सांभाळतात. मला काही कळत नाही. कळतं ते शेवटी, पडद्याच्या वरच्या कडेला हिरवी पट्टी येते तेव्हा. 'परीक्षा समाप्त.' जास्तीत जास्त तीन मिनिटांत ती येतेच.

हे आम्हाला समजावलं देवस्थळीबाईंनी. पुण्याच्या, तिशीच्या, कधी आवाज न चढवणाऱ्या. परीक्षेचं सगळं त्यांच्याकडे.

"नव्वद दिवसांत केव्हाही," त्या म्हणाल्या. "पास झाल्यावरही वर्षातून दोनदा, केव्हाही. आणि परीक्षा चालू असेल अशी शंका आली तरी आजूबाजूच्या कुणी मदत करायची नाही. तो गैरप्रकार धरला जाईल."

"आणि खरीच गळती असली तर?" मी विचारलं.

"तर तुम्ही जे परीक्षेत करता तेच करायचं, प्रभाताई. फरकच करायचा नाही. मुद्दा तोच आहे."

ऐकायला किती सरळ होतं. पण माणसाला फरक कळल्याशिवाय राहवत नाही. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक अलार्मला नजर आधी पडद्याच्या वरच्या कडेला जायला लागली. गळतीची भीती एकोणीस वर्षं होतीच, आता त्यावर ही दुसरी चढली. खरं की खोटं? दाबू की थांबू? घरी कुकरची शिट्टी झाली तरी माझा उजवा हात पुढे जायचा. नवरा आधी हसला, मग हसायचा थांबला.

मग सगळ्यांनी चोरवाटा शोधल्या. दुसऱ्या पाळीतला एक ऑपरेटर अलार्म वाजला की वॉकीवर आपल्या जोडीदाराला विचारायचा, "आज डब्यात काय?" खरा माणूस सांगायचा, यंत्र गडबडायचं. तीन आठवडे चाललं. चौथ्या आठवड्यात यंत्राने उत्तर दिलं, "सुक्या जवल्याची चटणी," आणि तो परीक्षेत आपटला. एकदा वॉकीवर बोललेलं सगळं जुळ्याच्या पोटात जातं, हे तेव्हा आमच्या डोक्यात शिरलं.

*

"वॉकीवर बोलायचाच नाय," हरेश्वरदादा म्हणाले.

आम्ही जेट्टीवर उभे होतो, पाळी सुटल्यावर. आजूबाजूला चिटपाखरू नाही. दादांनी होडीची दोरी तपासत तपासत मला सांगितलं, आणि ते इतकं बरोबर होतं की मला आधी का सुचलं नाही याचा राग आला.

"मी खरा आत गावलो तं पयला काय करीन? मास्क लावीन. मास्क लावला का तोंड बंद. मंग बोलीन कसा? यंत्र येडा हाय, तो बोलत बसतो. खरा मानूस नाय बोलनार."

"मंग मना कलनार कसा?"

त्यांनी पट्ट्यावरच्या वॉकीवर बोट ठेवलं. दाबलं नाही, नुसतं दाखवलं. "यो बटन. तीन वेला. टक, टक, टक. त्यो मी."

"आणि तीन टक आल्या तर मी काय करू?"

दादांनी दोरीची गाठ पुन्हा आवळली. मग म्हणाले, "मना थोडा टायम दे. दारापर्यंत येवाला वीस-पंचवीस सेकंद लागतान. बस."

मी हो म्हटलं. चाळीसात पंचवीस बसत होते. त्या दिवशी कितीतरी दिवसांनी मी नीट जेवले.

*

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी अलार्म झाला. अकराला दादांची फेरी असते, म्हणजे ते कॉम्प्रेसर हाऊसमध्येच. अमोनियाचा आकडा चढायला लागला. शंभर, तीनशे, सातशे. माझा हात बटनावर गेला आणि कान वॉकीकडे.

आवाज आला नाही. नुसती खरखर. आणि मग स्पष्ट, एकेक सुटं: टक. टक. टक.

 खरं आहे. दादा आत आहेत. मी घड्याळ बघितलं, बारा सेकंद झाले होते. "दादा, पलाऽ!" मी वॉकीवर ओरडले. वीस. पंचवीस. टक, टक, टक. तीस. ते बाहेर आल्याचं काही दिसेना. पस्तीस. एवढ्यात येतील, दारापाशीच असतील. चाळीस झाले आणि मी दाबलं नाही. पन्नास झाले तरी नाही. टक, टक, टक येतच होतं. शेवटी एक मिनिट अठरा सेकंदांनी मी डोळे मिटून बटन दाबलं.

हिरवी पट्टी आली. परीक्षा समाप्त.

त्याखाली नकाशा उमटला. आमच्याच गावाचा. कारखान्यातून एक लाल पिसाऱ्यासारखा डाग निघून पूर्वेला पसरत गेला होता. शाळा त्यात पूर्ण बुडाली होती. माझ्या आईचं घर अर्धं. बाजूला आकडा होता: अंदाजे बाधित, अकराशे चाळीस. त्याखाली: अनुत्तीर्ण.

दादा त्या वेळी कुठे होते? गॅस्केट आणायला भांडारात गेले होते. भांडारातल्या माणसाशी क्रिकेटवर बोलत होते.

"तीन टक त्याला कशा कळल्या?" मी देवस्थळीबाईंना विचारलं.  "आम्ही वॉकीवर एक शब्द बोललो नव्हतो. जेट्टीवर बोललो होतो."

"वॉकी पट्ट्याला होता ना?"

"बटन दाबलं नव्हतं."

बाईंनी माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटतं त्यांनाही वाईट वाटत होतं. "बटन दाबलं की फक्त समोरच्याला ऐकू जातं, प्रभाताई. जुळ्याला नेहमीच जातं. तुमच्या नेमणुकीच्या कागदांत आहे ते."

आमच्याकडे प्रत्येक परीक्षेनंतर फेरतपासणी होते. सगळी पाळी एका खोलीत बसते आणि परीक्षेचं रेकॉर्डिंग बघते, कुणाचं काय चुकलं ते सगळ्यांनी शिकावं म्हणून. त्या दिवशी सगळ्यांनी माझं "दादा, पलाऽ" ऐकलं. हरेश्वरदादाही ऐकत होते. नकाशा आला तेव्हा ते पुढे वाकले. शाळेवर बोट ठेवून हळूच म्हणाले, "आमची चिंगी या शालेत बसते." त्यांची नात. चौथीत आहे.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "थांबलीस गो माझ्यासाठी." ते कौतुक होतं की तक्रार, मला कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं.

*

दुसरी परीक्षा महिन्याभरात केव्हाही होती. त्यात नापास झाले तर पॅनल जाणार. पण खरं सांगते, मला पॅनलची भीती वाटत नव्हती. मला त्या लाल डागाची भीती वाटत होती. झोपेत मी शाळेच्या पटांगणात उभी असायचे आणि मुलं डोळे चोळत बसलेली असायची.

मी देवस्थळीबाईंकडे गेले. म्हटलं, "मला शिकवा."

त्यांनी शिकवलं. काय शिकवलं ते ऐका. वॉकीचा आवाज म्हणजे माणूस नाही, तोही एक आकडाच, आणि त्या आकड्यावर काही ठरत नाही. म्हणून आधी आवाज कमी करायचा, मग बटन. डाव्या हाताने वॉकी, उजव्या हाताने दार. अमोनियाचा आकडा पाचशे ओलांडला की हात हलला पाहिजे, डोक्याला विचारायचं नाही. आणखी एक. दार बंद झाल्याचं सांगणारा दिवा कधी कधी पिवळाच राहायचा, 'बंद होत आहे' असं म्हणत. दारातला संवेदक जुना होता, अडकायचा. जुळा मुद्दाम तो चकवा द्यायचा, आणि जो घाबरून गावाचा भोंगा वाजवेल त्याचे गुण कापायचे, कारण उगाच भोंगा वाजला तर गावात चेंगराचेंगरी व्हायची. तेव्हा पिवळ्या दिव्याकडे बघायचं नाही. वेळ मोजतात तो बटन दाबेपर्यंतचा.

रोज तासभर. एकतीस सेकंद. वीस. चौदा. यंत्रातले दादा पहिल्या दिवशी विनवायचे, मग शिव्या द्यायला लागले, मग एकदा रडले. मी आवाज कमी करायचे. अकरा. दहा.

सव्वीस तारखेला परीक्षा झाली. नऊ सेकंद. दिवा पिवळा राहिला, मी ढुंकूनही बघितलं नाही. पावणेतीन मिनिटांनी हिरवी पट्टी. उत्तीर्ण. बाधित: शून्य. त्याखाली बारीक अक्षरांत: आतील मनुष्यहानी, एक.

फेरतपासणीत रेकॉर्डिंग लावलं. "प्रभे, मी आ..." एवढंच वाक्य. पुढे शांतता, कारण मी आवाज बंद केला होता. मग बटनाची खट्. बाई म्हणाल्या, "राज्यातला सर्वांत कमी वेळ आहे हा." एक-दोघांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग आजूबाजूला बघून थांबवल्या.

मी हरेश्वरदादांकडे बघितलं. ते पडद्याकडे बघत होते. स्वतःचं अर्धं वाक्य ऐकलेल्या माणसाचा चेहरा कसा असतो ते मी तेव्हा बघितलं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चांगला झाला," ते उठता उठता म्हणाले. "नऊ सेकंद."

त्या दिवशी ते चहाला आले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले, पण आज किती वेळा मारलंस, हे त्यांनी विचारलं नाही. पुन्हा कधीच विचारलं नाही. मीही काही बोलले नाही.  आणि दोघांच्याही पट्ट्याला वॉकी होता.

पुढे एकदा सुतारशेडवरून जाताना ते दिसले. बाभळीचा एक जाडजूड, हातभर लांब ठोकळा एका बाजूने निमुळता तासत बसले होते.

"काय करताय, दादा?"

"पाचर. होडीला."

एवढी मोठी पाचर होडीत कुठे बसते, असं माझ्या मनात आलं होतं. पण ते खाली मान घालून तासत राहिले आणि मी पुढे गेले. एक प्रश्न जास्त विचारला असता तर.

*

नोव्हेंबरातला सोमवार. फेरीला निघताना दादा नेहमीप्रमाणे काचेपाशी आले. हल्ली ते तेवढंच करायचे. हात वर करायचे नाहीत, काही बोलायचे नाहीत, काचेतून माझ्याकडे क्षणभर बघायचे आणि जायचे.

अकरा वाजून वीस मिनिटांनी अलार्म झाला.

दोनशे. पाचशे. डाव्या हाताने वॉकी. "प्रभे..." एवढं आलं, मग नाही. उजव्या हाताने बटन. खट्. मी घड्याळ बघितलं. नऊ सेकंद.

दिवा पिवळा झाला. 'बंद होत आहे.' पिवळाच राहिला. चकवा, मी मनात म्हटलं, आणि नजर पडद्याच्या वरच्या कडेला नेली, जिथे पट्टी येते.

शेजारच्या केबिनमध्ये शिफ्ट इन्चार्ज सामंत साहेब बसले होते. त्यांनाही अलार्म ऐकू जात होता. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि नियमाप्रमाणे मान खाली घातली. परीक्षेत कुणी मदत करायची नाही.

एक मिनिट. अमोनियाचा आकडा कमी व्हायला हवा होता, तो होत नव्हता. जुळ्याने या वेळी पेपर कठीण काढलाय, मला वाटलं. दोन मिनिटं.  पट्टी येईल. अडीच. वॉकीचा आवाज वाढवावा असं एकदा वाटलं. वाढवला नाही. तीन मिनिटं झाली.

पट्टी आली नाही.

तीन मिनिटं दहा सेकंद.  तीन वीस. इतक्या उशिरा ती कधी येत नाही. म्हणजे दादा आत आहेत. म्हणजे त्यांच्या मास्कमधली तीन मिनिटं संपली, सात उरलीत, आणि दार अजून बारा मिनिटं उघडत नाही. मी केलं. मी माझ्या हाताने केलं आणि त्यांचं वाक्यसुद्धा पुरं ऐकलं नाही. मी खुर्चीवरून उठले, आणि उठून काय करायचं ते मला माहीत नव्हतं.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. हरेश्वरदादा आत आले.

डोक्यापासून पायापर्यंत भिजलेले. मास्क गळ्यात लोंबत होता. शर्टाची एक बाही खांद्यापासून फाटलेली. पण स्वतःच्या पायांवर उभे होते, जिवंत होते.

मी हसायला लागले. खरंच सांगते, मोठ्याने हसले. दादा जिवंत आहेत म्हणजे परीक्षाच होती, पट्टीच बिघडली असेल, फवाऱ्याची चाचणी चालू असताना हे भिजले असतील. मी धावत जाऊन त्यांचे दोन्ही दंड धरले. "दादा," मी म्हटलं, "दादा, तुमी कुठं व्हतात?"

आणि मग मला वास आला.

त्यांच्या कपड्यांचा. नाकात सुई खुपसल्यासारखा, डोळ्यांतून पाणी काढणारा. जुळ्याला आवाज करता येतो, आकडे करता येतात, टक टक करता येते. वास त्याच्याकडे नाही.

"आत व्हतो," दादा खोकत म्हणाले. "पायपाचा फ्लँज फुटला. तुला हाक मारली."

"पण दार," मी म्हटलं. माझे शब्द मलाच लांबून ऐकू येत होते. "दार मी बंद केलं. नऊ सेकंदांत केलं. तुमी बाहेर आलात कसे?"

त्यांनी डोळे पुसले. मग म्हणाले, "दाराच्या खालच्या रुळात पाचर ठेवलेली. महिना झाला, रोज ठेवतंय. आत जाताना ठेवायची, येताना काढायची. दार अडकला, दीड वीत फट राहिली. त्यातना आडवा व्हून निघालो."

"दादा..."

"मना ठाव व्हता, तू थांबनार नाय."

त्यात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

मला त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. बरं झालं, असं म्हणायचं होतं, कारण ते जिवंत होते आणि पहिल्या क्षणी मला फक्त तेवढंच पुरे होतं. पण माझी नजर पॅनलवर गेली. दिवा अजून पिवळा होता. तो चकवा नव्हता. चार मिनिटं तो मला सांगत होता की दार बंद झालेलं नाही, आणि चार मिनिटं मी दुसरीकडे बघत बसले होते. त्या दीड वीत फटीतून एकटे दादा बाहेर आले नव्हते.

मी काचेकडे वळले. टाकीच्या माथ्यावर वाऱ्याची दिशा दाखवणारी केशरी कापडी पिशवी असते. सकाळी ती लोंबत असते. अकरानंतर समुद्राकडून वारा सुटतो आणि ती भरते. आता ती पूर्ण भरली होती आणि तिचं शेपूट पूर्वेला होतं.

दादांनीही माझ्या मागून ते बघितलं.  मी पुढे झेपावले, गावाच्या भोंग्याच्या बटनावरची काच फोडून ते दाबलं, दाबूनच धरलं. भोंगा वाजायला लागला. सामंत साहेब केबिनमधून धावत बाहेर आले आणि त्यांनी ओरडून विचारलं, "घरतबाई, खरं आहे का?"

दादा तोवर दारातून बाहेर पडले होते. भिजलेल्या बुटांनी, खोकत, गावाच्या रस्त्याने धावत होते.

भिंतीवर अकरा पंचवीस झाले होते. शाळेची मधली सुट्टी अकरा वीसला होते. सगळी मुलं पटांगणात डबा खायला बसतात.